विंचवाचा कौल

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात विंचवाची गोष्ट नसलेलं घर शोधून काढावं लागेल. आमच्या घरातली गोष्ट माईआत्या सांगायची. तिच्या पाठचा भाऊ, म्हणजे मी कधीच न पाहिलेला माझा काका, पावसाळ्याची लाकडं पडवीत रचताना विंचू चावून गेला. साल विचारलं तर ती म्हणायची, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदला उन्हाळा. म्हणजे १९६७चा. पोरगा नऊ-दहा वर्षांचा होता.

विंचू लाल होता आणि लहान होता, यावर माईचा फार जोर. काळी इंगळी असती तर घरातली माणसं हादरली असती, कारण ती दिसायलाच भयंकर. हा जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा. कुणीतरी वहाणेने चिरडला, चिंचोका दगडावर उगाळून डंखावर चिकटवला आणि विंचू उतरवणाऱ्याला बोलावणं धाडलं. तो आला, डहाळी घेऊन मांडीपासून खाली झाडत बसला. कळ गुडघ्यापर्यंत उतरली, घोट्यापर्यंत उतरली, असं पोरगा स्वतःच्या तोंडाने सांगत होता. सगळ्यांना हायसं वाटलं. चहा टाकला गेला.

मग त्याला घाम सुटला. अंथरूण पिळून काढावं असा घाम. त्यामागून ओकाऱ्या. हातपाय गारठले. विंचू उतरवणाऱ्याने डहाळी खाली ठेवली आणि म्हणाला, "आता माझ्या हातात काय नाय. बाजाराला न्या." माईला हे वाक्य त्याच्या आवाजासकट पाठ होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक असायचं म्हणे, की घाम आणि ओकारी आली की मंत्र चालत नाही. आणखीही एक खूण होती. भिजलेले कपडे बदलताना ती फक्त माझ्या आजीला दिसली. पोराचं लिंग ताठरलेलं होतं. आजीने पदर आडवा धरला आणि कुणाला काही सांगितलं नाही. कितीतरी वर्षांनी, माईचीच मुलं मोठी झाल्यावर, एकदा भात कांडताना तिला सांगितलं. लाज वाटली म्हणाली. असल्या वेळी देवाने पोराची अशी थट्टा का करावी, हे तिला कळलं नव्हतं.

कंदिलाच्या उजेडात, खांद्यावर घेऊन, त्याला बाजारच्या दवाखान्यात नेलं. पहाटे तो गेला. जाताना तोंडातून गुलाबी फेस येत होता.

याच रात्रीची दुसरी बाजू आमच्या घरात पुढे लग्नाने आली. त्या दवाखान्यात नुकताच लागलेला तरुण कंपाउंडर नंतर माईचा नवरा झाला. आमचे भाऊकाका. माई गोष्ट सांगायला लागली की ते उठून बाहेर जायचे. ती नसताना विचारलं तर मात्र सगळं बोलायचे, आणि स्वतःला किंवा डॉक्टरांना पाठीशी न घालता बोलायचे.

त्यांच्या गोष्टीत कपाट यायचं. कपाटात कोरामिन, अॅट्रोपिन, स्टेरॉइडची इंजेक्शनं, गुंगीची औषधं, आणि काचेच्या बाटल्यांतलं सलाइन. विंचवाचा पेशंट आला की यातलं थोडं थोडं सगळं द्यायचं. काही पेशंट जगायचे, काही जायचे, आणि जगले ते कशाने जगले हे विचारायची पद्धत नव्हती. त्या रात्री डॉक्टरांनी भाऊकाकांना आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सलाइन लाव. निदान काहीतरी चाललंय एवढं त्यांना दिसू दे." त्यांनी लावलं. फुप्फुसात पाणी भरत चाललेल्या माणसाच्या शिरेत आणखी पाणी सोडणं म्हणजे काय, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी समजलं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा नाही. औषधाचं नाव सांगावं तसं सांगायचे.

डॉक्टर वाईट नव्हते. हे मी भाऊकाकांचा आम्हा भाचरांवरचा लोभ ओळखून नाही, तर त्या काळच्या दवाखान्यांचं जे काही ऐकलंय त्यावरून म्हणते. समोर पाच-दहा माणसं कंदील घेऊन उभी आहेत, त्यांची नजर तुमच्या हाताकडे आहे, आणि तुमच्या हातात काही नाही. अशा वेळी हात रिकामा दाखवायला जी हिंमत लागते ती सुई टोचायला लागत नाही. शिवाय पोरगं आपल्या बाकावर गेलं तर उद्या दवाखान्यात कोण येणार, हाही हिशेब असतोच. म्हणून तिसराच मार्ग बहुतेक जण धरत. "महाडला न्या." महाडहून पुढे मुंबईला, नाहीतर पुण्याला. मरण मग वाटेवर कुठेतरी, बैलगाडीत नाहीतर एसटीच्या मागच्या बाकावर यायचं, आणि ते कुणाच्याच खात्यावर पडायचं नाही.

खात्यावरून आठवलं. भाऊकाकांच्या दवाखान्यात एक लांबट लाल वही होती. नाव, गाव, औषध, आणि उधारी. दिवाळीला, भात झोडून झाल्यावर लोक पैसे देत, कुणी पायलीभर तांदूळ देत. दवाखान्यात कुणी दगावलं तर त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, ही डॉक्टरांची सक्त ताकीद होती. नाव लिहिलेलं असलं तर त्यावर रेघ. बरेचदा लिहायचंच नाही. मोठ्या मनाची गोष्ट. पण तिचा परिणाम असा, की ती वही चाळली तर त्या दवाखान्यात विंचवाने कधी कुणी मेलंच नाही असं वाटावं.

विंचू उतरवणाऱ्याचंही तेच. लाल विंचू चावलेल्यांपैकी पुष्कळ जणांना नुसती कळ येते. भयंकर, पण काही तासांनी आपोआप ओसरणारी. तेवढे सगळे त्याच्या मंत्राने बरे झाले. ज्यांना घाम सुटला ते त्याने बाजाराला धाडले, म्हणजे ते डॉक्टरांच्या हातून गेले. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर खरोखरच सगळे बरे होत होते. एकनाथांनी भारुडासाठी विंचू निवडला याचं शहरातल्या माणसांना कौतुक वाटतं. आमच्याकडे ते भारूड चालू असताना बायका पोरांचे पाय वर उचलून घ्यायच्या.

वैद्यकातल्या नीतीबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात मोठे प्रसंग येतात. यंत्र बंद करावं का, गर्भ ठेवावा का, हृदय कुणाचं कुणाला बसवावं. ते प्रश्न मोठेच आहेत. पण घरातल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यापासून मला वाटत आलंय, की डॉक्टरच्या नीतीची खरी परीक्षा त्याआधी, वहीशी होते. आपल्या हातून गेलेल्यांची नोंद तो ठेवतो का? आणि ठेवली तर चार लोकांना दाखवतो का?

ती ठेवणारा माणूस आमच्याच तालुक्यात यायचा होता. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. हिम्मतराव बावस्कर, मूळचे मराठवाड्यातल्या देहेडचे, नागपूरला एमबीबीएस झालेले. तेव्हा आमचा जिल्हा अजून कुलाबाच होता. विंचवाने माणूस मरतो, आणि तो फुप्फुसात पाणी होऊन मरतो, हे कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. पण ते लिहिलेलं कोकणातल्या दवाखान्यांच्या कपाटापर्यंत पोचलं नव्हतं, आणि पोचलं असतं तरी पुढे करायचं काय, हे त्यात नव्हतं.

बावस्करांनी आधी काय केलं, तर बघितलं. पेशंटजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, ओकारी, हातपाय कधी गार पडले, श्वास कधी लागला, हे टिपत गेले. कोणत्या पेशंटचं पुढे बिघडणार हे आधी कशावरून ओळखावं, यावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ओकाऱ्या, दरदरून घाम, गार हातपाय, आणि पुरुषांमध्ये, मुलग्यांमध्ये, लिंगाचा ताठरपणा. आजीने पदराआड ठेवलेली खूण लंडनच्या साप्ताहिकात छापून आली होती. आजी तेव्हा हयात होती. तिला हे कुणी सांगितलं नाही, कारण आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं.

आत घडतं ते असं. विंचवाचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा उघडून धरतं, त्या मिटू देत नाही. तंतू सारखे पेटत राहतात आणि अंगात अॅड्रिनॅलिन, नॉरअॅड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध ढकलून ढकलून हृदय थकतं आणि मागे फुप्फुसात पाणी साचतं. आता दवाखान्यात कंदिलाच्या उजेडात काय दिसतं? गार पडलेला, घामाने निथळणारा, नाडी लागत नाही असा माणूस. कुठल्याही डॉक्टरला शिकवलेलं असतं की असा माणूस दिसला की रक्तदाब चढवा, सलाइन द्या, उत्तेजक द्या. पुस्तक एक सांगत होतं आणि शरीराला बरोबर त्याच्या उलट हवं होतं. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध द्यायचं, म्हणजे ज्याची नाडी हाताला लागत नाही त्याचा दाब आणखी उतरवायचा.

पेच तो हा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी होऊन बावस्कर महाडला परतले ते ही उलटी कल्पना घेऊन. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड. हे थेंबाथेंबाने शिरेतून द्यायचं औषध. प्रकाशाने बिघडतं म्हणून बाटली झाकून ठेवावी लागते, आणि थेंब जरा जास्त गेले तर दाब कोसळून माणूस हातचा जातो. मोठ्या शहरात ते अतिदक्षता विभागात, यंत्रांच्या पहाऱ्यात देतात. तालुक्याच्या गावी पहारा म्हणजे हाताने फुगवायचा रक्तदाबाचा पट्टा आणि जागा राहिलेला डॉक्टर. पुढे ते प्राझोसिनकडे वळले. रक्तदाबाची जुनी, साधी, तोंडातून घ्यायची गोळी. नॉरअॅड्रिनॅलिन जिथे जाऊन वाहिनी आवळतं नेमकी ती जागा अडवणारी. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर आणि त्यांनी मिळून प्राझोसिनबद्दल १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच लिहिलं. पश्चिम महाराष्ट्रात विंचूदंशाच्या गंभीर पेशंटांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत असत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं, असं त्यांनी पुढे मांडलं.

आज हे वाचताना सोपं वाटतं. त्या पहिल्या रात्रींचा विचार केला की सोपं राहत नाही. गोळीच्या वेष्टनावर विंचवाचं नाव नव्हतं. कुठल्या पाठ्यपुस्तकाचा आधार नव्हता. पेशंट मेला तर लोक म्हणणार होते, घामाने गार पडलेल्या पोराला दाब उतरवायची गोळी दिली. आणि पेशंटचे आईबाप 'नाही' म्हणण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून त्यांच्या 'हो'ला तरी किती वजन द्यायचं? जगातल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकीला जो जाहीरनामा केला त्यात अशा वेळेसाठी वाट ठेवली आहे. जीव वाचवण्याची, वेदना कमी करण्याची आशा दिसत असेल तर डॉक्टरला नवा उपाय वापरायची मोकळीक हवी. ठीक. पण आशा ही फार सैल गोष्ट आहे. सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांनाही ती नव्हती असं नाही.

कायद्याचंही कोकणाशी या बाबतीत जुनं नातं आहे. १९५३ मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचा पाय मोडला. त्याला फळ्या बांधून पुण्याला नेलं, आणि तिथल्या रुग्णालयात तो वारला. तो खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६८च्या निकालात न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्यं सांगितली. पेशंट हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. आजही वैद्यकीय हलगर्जीच्या निकालांत याचा दाखला येतो. भाऊकाकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्या कर्तव्यावरच थांबले. "महाडला न्या म्हणणं यात कुठं बसतं?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. कायद्याने बघितलं तर वर धाडणं हा योग्य सल्लाही ठरेल, आणि अंग काढून घेणंही ठरेल. फरक धाडणाऱ्याच्या मनात असतो, आणि मन काही पुराव्यात दाखल करता येत नाही.

नवा उपाय स्वतःवर आधी करून बघणं, ही डॉक्टरांनी शोधलेली एक जुनी वाट. वाल्डेमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. आमच्या पणजीच्या गोष्टींत प्लेग असायचा, गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहिलेली माणसं असायची, आणि 'टोचणारे आले' म्हटल्यावर कणगीमागे लपलेल्या बायका. हाफकिन मात्र त्यात कधी नव्हता. स्वतःला टोचून घेतलं म्हणजे धैर्य सिद्ध होतं. लस चालते का, हे सिद्ध व्हायला टोचलेले आणि न टोचलेले शेजारी शेजारी पाहावे लागतात. ते त्याने त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात पाहिले. कैदी स्वतःहून पुढे आले होते असं म्हणतात. आत प्लेग शिरलेला आणि दार बाहेरून बंद, अशा जागी स्वतःहून याचा अर्थ काय घ्यायचा ते ज्याने त्याने ठरवावं. लस उपयोगी ठरली. पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल इथे लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली आणि हाफकिनवर ठपका आला. तो पुसला जायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. तिथला धागा परत विंचवाकडे येतो, कारण लाल विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष, आपल्याकडे आलं ते हाफकिनच्याच नावाच्या कारखान्यातून.

पण खरी गुंतागुंत प्रतिविषाआधी, गोळीपाशीच सुरू झाली होती. प्राझोसिनवर पहिली काही वर्षं जो आक्षेप घेता येत होता तो बिनतोड होता. आधी इतके मरत होते, आता इतके मरतात, एवढं दाखवून गोळीचा गुण सिद्ध होत नाही. मधल्या काळात रस्ते झाले, एसटी वाढल्या, लोक लवकर येऊ लागले, डॉक्टर जागे राहू लागले. यातलं नेमकं कशाने? खात्रीचं उत्तर हवं तर एकच मार्ग. निम्म्या पेशंटांना गोळी, निम्म्यांना नाही, आणि कुणाला काय हे चिठ्ठीने ठरवायचं. मंत्राला, सलाइनला, स्टेरॉइडला हीच कसोटी कुणी लावली नव्हती म्हणून तर ते सगळं इतकी वर्षं चाललं. मग गोळीला ती का नको?

मी हे एकदा माईला समजावून सांगितलं. तिने आधी ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे कौल लावायचा. आमच्या ग्रामदेवतेला गुरव कौल लावतो, पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवून. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, तसंच काहीसं. तिने मान हलवली.

"नाय पोरी. दोन्ही वाटा सारख्याच दिसत असल्या तर कौल लावायचा. एका वाटेला खड्डा डोळ्यांनी दिसतोय आणि तरी कौल मागायला गेलं, तर गुरव हाकलून देतो. देवाची चेष्टा होते ती."

संशोधनाच्या नीतीवर मी जेवढं वाचलंय त्यात याहून नेमकं काही सापडलेलं नाही. चिठ्ठी टाकायची ती दोन्ही बाजू आपल्याला खरोखर सारख्या वाटत असतील तेव्हाच. अडचण इतकीच, की खड्डा दिसतोय असं वाटणं आणि खड्डा असणं यात अंतर असतं. विंचू उतरवणाऱ्यालाही आपली वाट सरळच दिसत होती. १९८६ मध्ये बावस्करांच्या जागी असते तर मी चिठ्ठी टाकली नसती, हे मला पक्कं माहीत आहे. आणि ते न टाकणं बरोबर होतं की नाही, हे तितकं पक्कं माहीत नाही. त्यांच्या बाजूने मला एकच गोष्ट दिसते, ती वहीची. आपल्याकडे आलेले, वाचलेले, गेलेले, सगळे त्यांनी लिहून जगापुढे ठेवले, की या, खोडून काढा. ज्याला काही झाकून ठेवायचं असतं तो असं करत नाही.

चिठ्ठी त्यांनी पुढे टाकली, पण वेगळ्या प्रश्नावर. प्रतिविष मिळू लागल्यावर विचारायचं होतं ते हे, की नुसती गोळी बरी की गोळी आणि प्रतिविष दोन्ही? इथे खरोखरच कुणाला उत्तर ठाऊक नव्हतं. प्रतिविष विषाला गाठतं खरं, पण ते महाग, आणि घोड्याच्या रक्तातलं असल्याने अंगावर उलटायची भीती. महाडच्या त्यांच्या रुग्णालयात ७० पेशंट घेतले, निम्मे-निम्मे. गोळी सगळ्यांना. म्हणजे जे कामाचं आहे हे कळलं होतं ते कुणाचंच काढून घेतलं नाही. कौल फक्त न कळलेल्या भागाचा. निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०११ मध्ये आला. दहा तासांच्या आत पूर्ण सावरलेले, दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ आणि नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. सरासरी आठ तासांत बरं होणं आणि साडेसतरा तासांच्या वर लागणं, असा फरक. मजुराच्या हिशेबाने हा एका खाड्याचा फरक आहे. पण दुर्गम वाडीत प्रतिविष नसेल तर काही रुपयांची गोळी पुरते, हेही त्यातूनच दिसलं. अशा वाडीच्या आरोग्य केंद्रात कपाटात काय ठेवायचं हा निर्णय मग डॉक्टरचा राहत नाही, सरकारी खरेदीचा होतो. तो नीतीचा प्रश्न मानायची आपल्याकडे पद्धत नाही.

जाता जाता एक. याच बावस्करांना २०१३च्या सुमारास एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला होता. त्यांनी एमआरआयसाठी पेशंट धाडला त्याचा 'वाटा'. त्यांनी तो परत केला, तक्रार केली, त्यावर लिहिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे सगळे विंचवाबद्दल बोलत होते. मला वाटतं चेक परत करणं हे गोळीइतकंच अवघड असावं. विंचवाचं विष निदान लोकांना दिसतं तरी.

प्रतिविषाच्या त्या चाचणीबद्दल मी घरी बोलत होते तेव्हा माई आणि भाऊकाका दोघंही पडवीत होते. या वेळी ते उठून गेले नाहीत. माईने विचारलं, चिठ्ठी टाकायच्या आधी माणसांना सांगतात का? मी म्हटलं, सांगावंच लागतं. कागदावर सगळं लिहून, वाचून दाखवून, सही किंवा अंगठा घेतात. 'नको' म्हणालात तरी उपचार होतातच.

"आम्हाला कुणी विचारलं नव्हतं," माई म्हणाली. ती कुणाकडे बघत नव्हती, पण बोलणं कुणाशी चाललंय हे आम्हाला कळत होतं. "बाटली लावली. काय लावताय, कशाला लावताय, एक शब्द नाय. आई विचारत होती तर तिला बाहेर बसवलं."

"मीच बसवलं," भाऊकाका म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊकाकाच म्हणाले, "अगं, पण सांगणार काय होते ते? खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, की मला यातलं काही कळत नाही आणि माझ्याकडे यावर औषध नाही. असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी कुणी गेलं असतं का?"

"गेलो असतो की," माई म्हणाली. "दुसरा होता कोण बाजारात?"